क्लाइंबिंग ट्री स्टँड घ्यायचाय, हलका बघू की आरामाचा?

पानगळ:

नमस्कार मंडळी. अमेरिकेत बो हंटिंग (धनुष्यबाणाने शिकार) करणारे मराठी लोक इथे आहेत हे बघून खूप बरं वाटलं, म्हणून सगळं सविस्तर विचारतोय. मागच्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि एका मित्राच्या जमिनीवर त्याच्या लॅडर स्टँडवर (शिडीच्या मचाणावर) बसून पहिला सीझन काढला. व्हाइटटेल हरणं दिसली भरपूर, बाण एकदाही सुटला नाही, पण पहाटे अंधारात वर बसून जंगल जागं होताना बघायचं हे जे काय आहे ना ते आता सुटणार नाही. या वर्षी ती जमीन मिळणार नाहीये त्यामुळे पब्लिक लँडवर जावं लागणार. गाडी लावायच्या जागेपासून मला हवी ती जागा साधारण एक मैल, त्यातला अर्धा चढ.

तिथे स्टँड कायम लावून ठेवता येत नाही, रोज नेऊन रोज परत आणायचा, म्हणून क्लाइंबर, म्हणजे खोडाला अडकवून आपल्याबरोबर वर सरकवत न्यायचा स्टँड, घ्यायचं ठरवलंय. आता गोंधळ असा की एकजण म्हणतो पंधरा पौंडाचा हलकाच घे नाहीतर दुसऱ्या आठवड्यात नेणं सोडून देशील, दुसरा म्हणतो मोठी सीट आणि चारी बाजूंनी बंद फ्रेम असलेला घे नाहीतर दोन तासात खाली उतरशील. शिवाय एक वापरलेला स्टँड अर्ध्या किमतीत मिळतोय. माझी उंची ५ फूट ८ इंच, वजन २१० पौंड, गुडघे ठीक आहेत, पाठ अधूनमधून दुखते. फक्त बो, रायफल नाही. काय बघून घेऊ?

—

जुनाओक:

पानगळ भाऊ, स्वागत. मी एकविसावा सीझन करतोय, त्यातले पहिले बारा तेरा क्लाइंबरवरच गेले. एक सांगतो, स्टँड बघायच्या आधी झाडं बघून या. खरंच. शनिवारी टेप घेऊन जा आणि ज्या वाटांवर हरणांची ये-जा दिसते तिथून वीसेक यार्डांवर क्लाइंबर चढेल अशी किती झाडं आहेत ती मोजा. क्लाइंबरला सरळ खोड लागतं, निदान वीस फुटांपर्यंत फांदी नको, आणि जाडी साधारण ८ ते २० इंच, म्हणजे आडवं माप, घेर नव्हे. दक्षिणेकडे लॉब्लॉली पाइनच्या जंगलात हे प्रत्येक दहा पावलांवर मिळतं, तिथे क्लाइंबरसारखं दुसरं काही नाही. पण जिथे जुने वाकडेतिकडे ओक, खालपासून फांद्या, तिथे तुम्ही कितीही भारी क्लाइंबर घेतलात तरी तो पाठीवर घेऊन झाड शोधत फिराल आणि शेवटी जिथे झाड मिळालं तिथे बसाल, जिथे हरीण येतं तिथे नाही. ही चूक मी तीन सीझन केली.

साल पण बघा. रेड ओक, ट्युलिप पॉप्लर, पाइन यांच्या सालीत स्टँडचे दात छान बसतात. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्या पट्ट्यांनी सुटलेली असते, तिच्यावर स्टँड धरल्यासारखा वाटतो आणि पट्टी निघाली की सरकतो. बीचचं खोड गुळगुळीत, पाऊस पडला असेल किंवा दव गोठलं असेल तर मी त्याला हात लावत नाही. आणि ॲशचं झाड असेल तर वर बघा, शेंडा जिवंत आहे का. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून त्याने करोडो ॲश मारलेत, मेलेलं ॲश उभं दिसतं सरळसोट, क्लाइंबरला अगदी बोलावतं, पण आतून ठिसूळ झालेलं असतं. मेलेल्या झाडावर चढायचं नाही, कुठल्याच. खोडावर केसाळ जाड वेल चढलेली असेल तर ते पॉयझन आयव्ही, ते झाडही सोडा, स्टँडचे दात त्यात घुसले की तो अंगावर पुरळ उठवणारा रस दोरीला हाताला सगळीकडे लागतो.

वजनाचं म्हणाल तर रेटिंग तुमच्या एकट्याचं नसतं, अंगावरचं सगळं धरून असतं. २१० तुम्ही, थंडीचे कपडे बूट धरून पंधरा, बॅग दहा पंधरा, बो सहा सात, म्हणजे २४५ च्या आसपास गेलातच. बहुतेक स्टँड ३०० चे असतात त्यामुळे तुम्ही बसता, पण अंतर फार मोठं नाही हे लक्षात असू द्या. समिटचा व्हायपर जवळपास २० पौंडाचा, ३०० रेटिंग, टायटन त्याहून मोठा आणि ३५० चा, ओपनशॉट साधारण १५ पौंडाचा. कंपनी कुठलीही घ्या, हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून.

—

बाणवाली:

जुनाओक काकांनी झाडांचं सगळं सांगितलंच आहे, मी बो च्या बाजूने सांगते कारण दुकानात हे कुणी सांगत नाही, तिथे स्टँड जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्यात बसून सगळेच छान वाटतात.

पानगळ दादा, क्लाइंबर दोन तुकड्यांचा असतो हे माहीत असेलच, वरची सीट आणि खालचा प्लॅटफॉर्म. बंद फ्रेमवाल्यात पुढून आडवी दांडी येते. चढताना तोंड झाडाकडे, त्या दांडीवर बसायचं, पायांनी प्लॅटफॉर्म वर ओढायचा, उभं राहायचं, सीट वर सरकवायची, परत बसायचं. सगळं वजन बुडावर येतं म्हणून दमायला होत नाही. उघड्या फ्रेममध्ये ती दांडीच नाही, त्यामुळे प्लॅटफॉर्म उचलताना शरीर हातांवर तोलावं लागतं. लोन वुल्फ कंपनी तर हँड क्लाइंबर (हातांवर चढायचा) आणि सिट अँड क्लाइंब (बसून चढायचा) अशी दोन वेगळी मॉडेल्सच विकते, यावरून समजा की फरक किती आहे. मी ५ फूट २ इंच, हातात ताकद बरी आहे, तरी पहिल्या वर्षी उघड्या स्टँडने वीस फूट चढून गेल्यावर हात इतके थरथरायचे की बो ओढायला दहा मिनिटं थांबावं लागायचं. घामही यायचा आणि घाम आला की दोन तासांनी थंडी वाजते, मग हालचाल होते, मग हरीण तुम्हाला आधी बघतं.

मग मी उघडाच का वापरते? कारण बंद फ्रेमची दांडी रायफल किंवा क्रॉसबो टेकवायला सोन्यासारखी, पण बो ला आडवी येते. बसल्या बसल्या खाली बाण मारायचा झाला तर बो ची खालची लिंब, म्हणजे धनुष्याचा खालचा वाकणारा भाग, दांडीला लागते. उभं राहून मारत असाल तर दांडी मांड्यांशी येते, चालतं, आणि उंच माणसाला तर काहीच अडचण नाही. तुमची उंची मध्यम आहे, त्यामुळे हे दुकानात बो नेऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. नुसतं समोर नको, बसून डावीकडे खाली, उजवीकडे खाली, मागे वळून, सगळीकडे ओढून बघा. (दुकानात बाण न लावता सोडू नका अर्थात, ओढून हळूच परत आणा.) माझ्या मते तुम्ही उभं राहून मारणारे असाल आणि पाठ दुखत असेल तर बंद फ्रेम घ्या. पाच पौंड जास्त नेणं एक मैल चालेल, दुखऱ्या पाठीने हातांवर चढणं नाही चालणार.

आवाजाचं पण बघा. धातू धातूवर एकदा वाजला की ती सकाळ गेली. दोन्ही तुकडे एकात एक बसवून बांधले की कुठे खडखडतात ते हलवून ऐका. मी सगळ्या जोडांवर आणि जिथे बो टेकू शकते तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळलीय, खोडाभोवती अडकवायच्या केबलच्या टोकाला पण. दोन तास जातात पण करा.

—

दरीकाठ:

मी हे कधी लिहिलं नव्हतं पण "वापरलेला अर्ध्या किमतीत" वाचलं आणि राहवलं नाही.

पाच वर्षांपूर्वी मी असाच एक वापरलेला क्लाइंबर घेतला. दिसायला चांगला होता, फ्रेम सरळ, सीट नवी. केबलवर काळं प्लास्टिकचं आवरण होतं, ते कुठेही फाटलेलं नव्हतं म्हणून मी पुढे बघितलंच नाही. आणि दोन तुकड्यांना जोडणारी दोरी नव्हती, विकणाऱ्याने सांगितलं की त्याने ती कधी वापरलीच नाही, मीही मान हलवली. नोव्हेंबर, रटचे (हरणांच्या माजाचे) दिवस, संध्याकाळी उतरताना साधारण बारा फुटांवर मी सीटवर बसून पाय प्लॅटफॉर्ममधून काढून नीट घालायला गेलो आणि प्लॅटफॉर्म सुटून थेट खाली झाडाच्या बुंध्याशी. मी दांडीवर बसलेला, पाय हवेत, खाली काही नाही. अंधार पडत होता. पाय झाडाला वेढून धरायचा प्रयत्न केला, तेवढ्यात सीट तिरकी झाली आणि मी निसटलो.

हार्नेस, म्हणजे अंगात घालून झाडाला अडकवायचे सुरक्षा पट्टे, घातला होता. फक्त त्यामुळे हे लिहितोय. दोन फूट खाली जाऊन अडकलो. लोकांना वाटतं हार्नेसने पकडलं म्हणजे झालं, पण तसं नसतं, नुसतं लोंबकळत राहिलं की मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, पायातलं वर येत नाही, आणि थोड्याच वेळात चक्कर यायला लागते. माझ्या हार्नेसच्या खिशात रिलीफ स्ट्रॅप होता, ती लूप काढून त्यात पाय घालून उभं राहता येतं, ते मी कोर्समध्ये एकदा केलं होतं म्हणून सुचलं. फोन छातीच्या खिशात होता, बॅगेत नाही. मुलाला फोन केला, मी कुठल्या झाडावर आहे ते त्याला सकाळीच पाठवलं होतं, तो आणि त्याचा मित्र शिडी घेऊन आले. चाळीस मिनिटं लागली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, त्याने एक शब्द बोलला नाही, फक्त माझे बूट धरून उभा राहिला जोपर्यंत मी खाली आलो नाही.

नंतर मी त्या केबलचं आवरण कापून बघितलं. आत जिथे ती वाकते तिथे गंज आणि तीन चार तारा तुटलेल्या. म्हणजे प्लॅटफॉर्म त्या दिवशी दोरी नव्हती म्हणून गेला, नाहीतर पुढच्या महिन्यात केबलमुळे मी गेलो असतो.

तेव्हा पानगळ, वापरलेला घ्यायचाच असेल तर केबल किंवा पट्टा नवा, कंपनीचाच, आणि मॅन्युअल हवं, आणि ते मॉडेल परत मागवलेलं नाही ना ते सीपीएससीच्या (अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा संस्थेच्या) रिकॉल यादीत बघा, तिथे ट्री स्टँड बऱ्याचदा येतात. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावरून नख फिरवा. हे सगळं करून जो पैसा वाचतो त्यापेक्षा नवा बरा असं माझं मत. आणि ती दोन तुकड्यांमधली दोरी. कृपा करून बांधा. ती दोरी असती तर प्लॅटफॉर्म दोन फूट खाली लोंबकळला असता, मी ओढून घेतला असता आणि घरी जेवायला गेलो असतो.

—

जुनाओक:

दरीकाठ, हे लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मुलाला माझा नमस्कार सांगा.

हार्नेसबद्दल अजून दोन गोष्टी. स्टँडबरोबर जो हार्नेस फुकट येतो तो चालतो पण घालायला किचकट असतो, आणि किचकट असला की माणूस एक दिवस घालत नाही. म्हणून पैसे वाचवायचेच तर स्टँडमध्ये वाचवा, हार्नेस चांगला घ्या. दुसरं, पट्टा झाडाला जमिनीवर असतानाच बांधायचा आणि चढताना आपल्याबरोबर वर सरकवत न्यायचा, वर गेल्यावर बांधू असं नाही. पडायची वेळ बहुतेक चढता उतरताना आणि वर पोचल्यावर तोंड फिरवून बसताना येते. वर बसल्यावर तो पट्टा डोक्याच्या वर असावा आणि बसलेलं असताना दोरीत ढील जवळजवळ नको. ढील जितकी, तितकं पडाल. हार्नेसचं कापड उन्हाने कमजोर होतं, बहुतेक कंपन्या पाच वर्षांनी बदला म्हणतात, तारीख शिवलेली असते ती बघा.

बो कधीही हातात किंवा पाठीवर घेऊन चढू नका, दोरीने नंतर वर ओढा, आणि बाण क्विव्हरमध्ये (भात्यात) पक्के झाकलेले.

—

खोगीर:

थोडं वेगळं मत. क्लाइंबर कशाला? मी तीन वर्षं सॅडल (कमरेला बांधून झाडाला टेकून लटकायचा पट्टा) वापरतोय. कमरेला सॅडल, खोडाला बांधून पायऱ्यांसारख्या वापरायच्या चार क्लाइंबिंग स्टिक आणि एक छोटा प्लॅटफॉर्म, सगळं मिळून क्लाइंबरपेक्षा फार जड नाही आणि वाकडं झाड, फांद्यांचं झाड, सगळं चालतं. शिवाय चढायच्या आधीपासून उतरेपर्यंत तुम्ही झाडाला बांधलेलेच असता, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. आणि झाडाच्या फांद्या आजूबाजूला असतात म्हणून हरणाला दिसत नाही. क्लाइंबरचं सरळसोट झाड म्हणजे पानं गळल्यावर खांबावर बसलेला माणूस, मागे आकाश.

—

बाणवाली:

खोगीर, फांद्यांचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून क्लाइंबरसाठी मी असं झाड बघते ज्याच्या मागे दुसरं जाड झाड किंवा सदाहरित काहीतरी आहे, म्हणजे आकाश मागे येत नाही. पण सॅडलमध्ये पहिल्या वर्षी शिकायला खूप आहे, गाठी, लाइनमन बेल्ट (चढताना खोडाभोवती टाकायचा पट्टा), टेदर (वर झाडाला बांधून ठेवणारी दोरी), स्टिक बांधणं, आणि झाडाच्या कुठल्या बाजूने कसा बाण मारायचा ते. ज्याचा पहिला सीझन लॅडर स्टँडवर गेलाय त्याने पाठदुखीसकट थेट सॅडलवर जावं का, मला नाही वाटत. दोन वर्षांनी जाऊ दे.

—

पानगळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. दरीकाठ दादा, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, तो वापरलेला स्टँड कॅन्सल.

शनिवारी टेप घेऊन गेलो. मला वाटत होतं तिथे झाडंच झाडं आहेत, तर मोजून अकरा निघाली जी सरळ आणि बिनफांदीची आहेत, त्यातली दोन शॅगबार्क, एक ॲश शेंड्याला वाळलेलं. म्हणजे आठ. पण त्यातली चार ट्युलिप पॉप्लर बरोब्बर ओढ्याकाठच्या वाटेवर आहेत जिथे मागच्या वर्षी हरणांनी शिंगं घासलेल्या खुणा अजून दिसतात, आणि एकाच्या मागे सदाहरित हेमलॉकचा दाट ठिपका आहे. त्यामुळे क्लाइंबर पक्का. बो घेऊन दुकानात पण गेलो. बंद फ्रेममध्ये बसून डावीकडे खाली मारताना लिंब खरंच दांडीला लागली, उभं राहून कुठेच लागली नाही. उभं राहूनच मारायचं ठरवलं आणि २० पौंडवाला बंद फ्रेमचा घेतला, वेगळा हार्नेस पण.

आता एक प्रश्न. अंगणातल्या झाडावर प्लॅटफॉर्म लावला तर जमिनीवर अगदी सपाट होता, पाच सहा फूट चढलो तर पुढून खाली झुकायला लागला. मी काही चुकीचं लावतोय का? आणि किती उंच जाऊ?

—

जुनाओक:

चुकीचं नाही, झाड वर बारीक होत जातं म्हणून. खाली खोड जाड, केबलचा फास त्या मापाचा, वर गेलात की खोड बारीक झालं, फास सैल पडला, प्लॅटफॉर्मचं पुढचं टोक खाली. म्हणून खाली लावतानाच पुढचं टोक वर उचललेलं लावायचं, दिसायला विचित्र वाटेल इतकं, मग वर पोचेपर्यंत तो आपोआप सपाट होतो. सीटचंही तसंच. किती उचलायचं ते झाडावर आहे, पाइन हळूहळू बारीक होतो, बुंध्याशी फुगलेलं झाड पटकन. अंदाज चुकला तर खाली या आणि परत लावा, वर बसून केबल बदलत बसू नका. थोडा पुढून वर असला तर पाय दुखतील एवढंच, पुढून खाली झुकलेल्या प्लॅटफॉर्मवर मी एक मिनिट उभा राहणार नाही.

उंचीचं, सुरुवातीला १५ ते १८ फूट पुरे. लोकांना वाटतं जितकं उंच तितकं हरणाला वास लागत नाही, दिसत नाही, थोडं खरं आहे पण बो ला त्याची किंमत मोजावी लागते. हरणाची छाती जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. तुमचा बाण २० फुटांवरून सुटतोय आणि हरीण १० यार्डांवर, म्हणजे ३० फुटांवर, तर बाण जवळजवळ ३० अंशांनी खाली जातो. तेच ३० फुटांवरून मारलं तर ४० च्या वर. एवढ्या तिरप्या कोनात दोन्ही फुप्फुसं एका रेषेत यायची जागा खूप लहान होते, एकच लागलं तर जनावर लांब जातं आणि सापडत नाही, आणि ते माझ्या हातून एकदा झालंय, दोन दिवस शोधलं होतं, अजून आठवतं. जनावराला लवकर मरण देणं हे आपल्यावर आहे. मी वारा बघतो, उंचीने वाऱ्याचं काम होत नाही.

सराव आता सप्टेंबरआधी करून घ्या, कंबरेएवढ्या उंचीवर, दहा वेळा, आणि थंडीचे सगळे कपडे घालून. उन्हाळ्यात हसतील शेजारी, हसू द्या.

—

पानगळ:

केला सराव, सहा वेळा झाला. एक गोष्ट सापडली जी तुमच्यापैकी कुणालाही कदाचित वाटली नसेल, प्लॅटफॉर्मवर पाय अडकवायचे जे पट्टे आहेत त्यात माझे उन्हाळी बूट छान बसतात पण थंडीचे जाड बूट टाचेपाशी बसतच नाहीत, दुसऱ्यांदा पाय वर ओढताना डावा बूट पट्ट्यातून निसटला आणि प्लॅटफॉर्म एका बाजूने तिरका झाला. जमिनीपासून तीन फुटांवर होतो, हार्नेस होता, दोन तुकड्यांची दोरी पण बांधलेली होती. पट्टे दोन भोकं सैल केले, आता बसतात. दरीकाठ दादा, ती दोरी मी आता दोन्ही टोकांना डबल गाठ मारून कायमची बांधून टाकलीय, सोडायचा प्रश्नच नको.

—

दरीकाठ:

डबल गाठ ठीक आहे, पण स्टँड दुमडून पाठीवर घेताना ती घासते तिथे दर महिन्याला बघत जा. आणि पहिल्या दिवशी कुठलं झाड ते बायकोला पाठवून मगच चढा.